विहिरीत निघालेला चमकता दगड हिरा नाही, मग काय आहे?

निपाणी, चिकोडी, अथणीच्या पट्ट्यात विहिरीचा तळ फोडताना किंवा खडी मशीनसाठी काळा दगड काढताना कधीकधी कातळात एखादी पोकळी उघडी पडते. ती मूठभर असते, क्वचित डोकं आत जाईल एवढी. आतल्या भिंतीला पांढरे, गुलाबीसर, एखाद्या वेळी हिरवट पैलूदार खडे लगडलेले असतात. उन्हात धरले की लखलखतात. मग फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हिरं लागलं काय हो?"

दुसरीकडे ऑनलाइन दुकानांत याच जातीचे खडे 'ऊर्जा देणारे क्रिस्टल' म्हणून विकायला असतात. ध्यानाला बसताना कपाळावर ठेवा, घराच्या ईशान्य कोपऱ्यात ठेवा, अशा सूचनाही सोबत असतात. एकीकडे हिऱ्याची आशा, दुसरीकडे चमत्काराचा दावा. या दोन्हींत दगडाची खरी हकिगत कुणाच्या कानावर येत नाही, आणि ती तर हिऱ्याच्या गोष्टीइतकीच रंजक आहे.

हिऱ्याचं आधी संपवूया. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. तो जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली तयार होतो आणि किंबरलाइटसारख्या वेगळ्याच जातीच्या दगडातून वर येतो. तसा दगड आंध्र प्रदेशात अनंतपूर जिल्ह्यातल्या वज्रकरूरला आहे. आपल्या विहिरीतला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, थंड झालेला लाव्हा. त्यातल्या पोकळीत हिरा मिळायचा नाही. मिळतात ते झिओलाइट गटातले, म्हणजे आपल्या रचनेत पाणी बाळगणाऱ्या खनिजांच्या एका गटातले खडे आणि त्यांच्या सोबतीनं वाढणारं एक देखणं खनिज, एपोफायलाइट. हा लेख मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

एपोफायलाइट म्हणजे नक्की काय

पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, थोडं फ्लोरिन आणि पाणी, एवढ्यांतून हे खनिज बनतं. यातलं पाणी दगडावर किंवा भेगेत साचलेलं नसतं, ते त्याच्या रचनेचाच भाग असतं. हिशोब केला तर शंभर ग्रॅम एपोफायलाइटमध्ये सुमारे सोळा ग्रॅम पाणी निघतं. हातात कोरडा ठणठणीत वाटणारा खडा वजनाच्या सहाव्या हिश्शाइतकं पाणी बाळगून असतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही.

तापवल्यावर मात्र खात्री पटते. पुरेशी आच लागली की आतलं पाणी बाहेर पडतं आणि खडा पापुद्र्यांनी सुटायला लागतो. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ रेने झुस्त आउई यांनी 1806 साली त्याला नाव दिलं ते याच गुणावरून.

पापुद्रे सुटण्याचं कारण आतल्या मांडणीत आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंनी विणलेले सपाट थर एकावर एक रचलेले असतात. त्या थरांच्या मधल्या जागेत पोटॅशियम, कॅल्शियम, फ्लोरिन आणि पाण्याचे रेणू बसतात. थर स्वतः मजबूत, थरांमधली पकड मानानं कमजोर. म्हणून ठोका बसला की हा खडा नेहमी एकाच दिशेनं, अगदी सपाट फुटतो. स्फटिकाच्या अशा ठराविक दिशेनं साफ फुटण्याला पाटन म्हणतात. एपोफायलाइटचं पाटन इतकं चोख आहे की फुटलेली बाजू मुद्दाम कापल्यासारखी दिसते.

ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या 'एपोफायलाइट पिरॅमिड'चं गुपितही यातच आहे. तो पिरॅमिड सहसा कुणी घासून बनवलेला नसतो. स्फटिकाचं टोक निसर्गतःच चार उतरत्या बाजूंचं असतं. ते टोक मुळापासून तुटलं की खाली सपाट बूड, वर टोकदार शेंडा. म्हणजे पिरॅमिड विकत घेणारा एका मोठ्या स्फटिकाचं तुटलेलं डोकं विकत घेतो. संग्राहकाच्या नजरेनं हा तोटाच आहे.

अखंड स्फटिकाची ठेवण चौकोनी असते. कधी तो ठोकळ्यासारखा बुटका, कधी चौकोनी खांबासारखा उंच, वर पिरॅमिड किंवा सपाट माथा. उभ्या बाजूंना काचेची चकाकी आणि बारीक उभ्या रेघा. माथ्यावर मात्र मोत्यासारखी दुधी झाक. एकाच खड्यावर अशा दोन तऱ्हेच्या चकाक्या दिसणं ही त्याची सगळ्यात पटणारी खूण आहे. रंग बहुधा पांढरा किंवा अगदी पाण्यासारखा स्वच्छ. हिरवा सापडला तर त्यामागे व्हॅनेडियम या धातूचा अंश असतो.

पोकळी कुठून आली आणि तिच्यात दगड कसा वाढला

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहू लागला. एकदा नव्हे, असंख्य वेळा, एकावर एक थर चढवत. आजही या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. याला दख्खन ट्रॅप म्हणतात. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या पायऱ्यांची रचना म्हणजे हेच थर. पुण्या-मुंबईहून बेळगावला येताना निपाणीजवळ तवंदी घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरातही ते बघता येतात.

लाव्हात वायू विरघळलेले असतात. सोडावॉटरच्या बाटलीचं बूच काढलं की दाब कमी होऊन बुडबुडे वर येतात, तसंच लाव्हा जमिनीवर आल्यावर घडतं. पण लाव्हा घट्ट होत असतो. वर सरकणारे बुडबुडे निसटायच्या आत भोवतालचा दगड गोठतो आणि ते जागच्या जागी अडकतात. लाव्हाच्या प्रत्येक थराचा वरचा भाग म्हणून जाळीदार असतो आणि मधला भाग ठोस, घट्ट. खडी फोडणाऱ्यांना हा फरक हातोड्याच्या आवाजावरून कळतो.

पोकळी तयार झाली, पण ती रिकामी. ती भरण्याचं काम पाण्यानं केलं. पावसाचं आणि भूगर्भातलं पाणी भेगांतून झिरपत राहिलं, खोलात गरम झालं. अशा कोमट-गरम पाण्यानं बेसाल्टमधली सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम हळूहळू विरघळवून घेतलं आणि पोकळीत आणून सोडलं. तिथं तापमान, पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण, आम्लता यांत जसजसा बदल होत गेला, तसतशी वेगवेगळी खनिजं एकामागून एक जमत गेली.

हा क्रम फोडलेल्या पोकळीत वाचता येतो. दगडाला चिकटून बहुतेकदा एक हिरवट, मातकट लेप असतो, तो सगळ्यात आधीचा. त्यावर गारगोटीचा पांढरा किंवा निळसर थर असू शकतो. मग झिओलाइट: बांधलेल्या पेंढीसारखा मध्ये आवळलेला आणि टोकांना पसरलेला, पीच रंगाचा स्टिलबाइट. सुयांचे झुबके असलेला स्कोलेसाइट. शवपेटीसारख्या आकाराचा, मोतिया चमकेचा ह्यूलंडाइट. एपोफायलाइट यांच्या डोक्यावर बसलेला दिसतो, कारण तो बहुधा उशिरा येतो. काही एपोफायलाइट तर लाव्हा थंडावल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी वाढले आहेत. लाव्हा आणि त्यातला स्फटिक ही दोन अगदी वेगळ्या काळांतली कामं आहेत, हे ध्यानात ठेवलं की पुष्कळ गैरसमज आपोआप दूर होतात. स्फटिक आगीतून जन्मलेला नाही. तो पाण्यातून, अंधारात, सावकाश वाढला आहे.

एपोफायलाइटला लोक झिओलाइटच म्हणतात, व्यापारीही म्हणतात. काटेकोरपणे तो झिओलाइट नाही. झिओलाइटची आतली रचना सगळ्या बाजूंनी जोडलेल्या पिंजऱ्यासारखी असते, एपोफायलाइटची थरांची. एकाच पोकळीत, एकाच पाण्यावर वाढतात म्हणून नावं सरमिसळ झाली. घरी बोलताना चालेल, खड्यासोबत चिठ्ठी लिहिताना नको.

जळगावात ढीग, मग आपल्याकडे तुरळक का?

जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले उत्तम एपोफायलाइट बघितले तर त्यांतल्या मोठ्या हिश्शाचा पत्ता महाराष्ट्राचा असतो. जळगावचा हिरवा एपोफायलाइट पीच रंगाच्या स्टिलबाइटवर बसलेला, पुण्याच्या पाषाण टेकड्यांवरचा हिरवा, नाशिक-संभाजीनगरकडचे पाण्यासारखे स्वच्छ मोठे स्फटिक. अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीजवळ मोमीन आखाड्याला एका विहिरीत गोल झुबक्यांचा गर्द हिरवा एपोफायलाइट निघाला आणि जगभर गाजला. हा शोध विहीर खणतानाचा होता, हे आपल्या शेतकऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं. त्याही आधी, बोरघाटाचा रेल्वेमार्ग कोरताना निघालेले स्फटिक इंग्रज अभियंत्यांमार्फत ब्रिटनच्या संग्रहालयांत पोचले. तो मार्ग 1863 साली सुरू झाला. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय अशा खड्यांसाठीच उभं आहे, बेळगावहून नाशिक-शिर्डीला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून बघावं असं.

आता बेळगावकडे. इथं दख्खन ट्रॅपची दक्षिण कड आहे. सह्याद्रीत हे थर मिळून दोन किलोमीटरच्या आसपास जाडी गाठतात. दक्षिणेकडे ते पातळ होत जातात आणि बेळगाव-खानापूरच्या आसपास संपतात. त्यापलीकडे आणि त्यांच्या खाली पूर्णपणे वेगळे, कितीतरी जुने दगड आहेत. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो बेसाल्ट नाही, वाळूपासून बनलेला कठीण क्वार्टझाइट आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराचीही तीच जात. तिकडच्या भेगांत चमकणारे खडे मिळाले तर ते क्वार्ट्झ, म्हणजे साधे स्फटिक किंवा गारगोटी असण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट इथल्या वाचकांना अभिमानाची वाटेल. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या लाव्हा थरांची रासायनिक घडणीवरून क्रमवारी लावली आहे आणि प्रत्येक गटाला एखाद्या गावाचं नाव दिलं आहे: जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, महाबळेश्वर, पन्हाळा. या यादीत अगदी वरचं नाव आहे देसूर. बेळगाव-खानापूर रेल्वेमार्गावरून रोज ये-जा करणाऱ्यांना ते स्टेशन पाठ आहे.

हीच क्रमवारी आपल्या प्रश्नाचं उत्तरही देते. खालचे, जुने गट पुष्कळदा लहान लहान जिभांसारख्या लाव्हा प्रवाहांनी बनलेले आहेत. प्रत्येक जिभेचा माथा जाळीदार, म्हणजे पोकळ्या भरपूर. वरच्या गटांत मोठे, एकसंध, घट्ट प्रवाह जास्त. त्यांची खडी उत्तम होते, पण पोकळ्या कमी. आपल्या भागात मुख्यतः हे वरचे गट उघडे पडले आहेत. शिवाय थरांची एकूण जाडी कमी, त्यामुळे गरम पाण्याच्या फिरतीला वावही मर्यादित. म्हणून इथं सापडणारे खडे बहुतेकदा बारीक असतात. सापडतच नाहीत असं नव्हे, जळगावची अपेक्षा ठेवली तर मात्र निराशा होईल.

आणखी एक कारण आपल्या पायाखालीच आहे: जांभा. खानापूर, बेळगावच्या पठारांवर बेसाल्टच्या वर लाल जांभ्याचा थर आहे. उष्ण, पावसाळी हवेत बेसाल्ट कुजत गेला, त्यातली सिलिका, कॅल्शियम आणि पोटॅशियम पाण्यासोबत वाहून गेलं आणि लोह-अॅल्युमिनियम मागे उरलं. या थरात अॅल्युमिनियम फार साठलं की त्याला बॉक्साइट म्हणतात, आणि यमनापूरच्या अॅल्युमिनियम कारखान्यामुळे तो शब्द बेळगावकरांना परका नाही. एपोफायलाइट ज्या तीन घटकांवर उभा आहे, नेमके तेच जांभ्यातून निघून गेलेले असतात. त्यामुळे जांभ्याच्या खाणीत त्याचा शोध घेणं व्यर्थ आहे. शोधायचंच तर जांभ्याखालचा ताजा काळा कातळ जिथं उघडा पडतो तिथं, किंवा अथणी-चिकोडीच्या काळ्या मातीखाली.

घरच्या घरी ओळख कशी पटवायची

प्रयोगशाळेची गरज नाही, निदान सुरुवातीला. फुटका तुकडा घ्या, चांगला स्फटिक कधीच नको.

काचेचा जुना तुकडा घेऊन त्यावर खडा ओढा. गारगोटी काचेवर ओरखडा काढते, कारण तिची कठीणता दहाच्या मापावर 7 आहे. एपोफायलाइटची साडेचार ते पाच. तो काचेवर चरा पाडत नाही, उलट पोलादी चाकूनं त्याच्यावरच चरा पडतो. मग फुटलेली बाजू बघा. गारगोटी शिंपल्यासारखी वाकडीतिकडी फुटते, एपोफायलाइट सपाट. कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज, हा तिसरा संशयित, आपल्या विहिरींत तो भरपूर असतो. त्याची थोडी पूड करून वर व्हिनेगर टाकलं की बारीक फेस येतो. एपोफायलाइटला तसा फेस येत नाही.

साफ करण्याविषयी एक ताकीद. खड्यावरचा पांढरा थर घालवायला पुष्कळ जण बाथरूमचं अॅसिड वापरतात. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल एपोफायलाइटलाच खातं. चकाकी जाते ती परत येत नाही. साधं पाणी, जुना मऊ टूथब्रश आणि सावलीत वाळवणं एवढं पुरे. गॅसजवळ किंवा गरम दिव्याखाली ठेवू नका.

"पण यात शक्ती असते म्हणतात ना?"

हा प्रश्न विचारणाऱ्याची मी थट्टा करणार नाही, कारण दावा विज्ञानाच्या भाषेत सजवून केलेला असतो. क्रिस्टलमधून वीज निर्माण होते, घड्याळात क्वार्ट्झ असतं, मग शरीरावर परिणाम का होणार नाही, असा तो युक्तिवाद. क्वार्ट्झ दाबल्यावर अतिसूक्ष्म वीज निर्माण होते हे खरं आहे आणि घड्याळात त्याच गुणाचा उपयोग होतो. पण तो गुण येण्यासाठी स्फटिकाच्या आतल्या मांडणीत एक विशिष्ट असमतोल लागतो. एपोफायलाइटची मांडणी केंद्राच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे, त्यामुळे तो गुण त्याच्यात येऊच शकत नाही. आणि क्वार्ट्झनंही आजार बरा होतो याला पुरावा नाही. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी सोडून कुणी खड्यावर भिस्त ठेवत असेल तर त्याला घरच्यांनी थांबवलं पाहिजे.

खडा पाण्याच्या बाटलीत टाकून ते पाणी पिण्याची पद्धतही दिसते. खड्यात फ्लोरिन असतं, आणि पोकळीत त्याला चिकटून काय काय आलं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पिऊ नका.

मग हे खडे घरात ठेवणं धोक्याचं आहे का? एपोफायलाइट, स्टिलबाइट कपाटात असण्यानं काही होत नाही. झिओलाइट गटात एरिओनाइट नावाचं तंतूमय खनिज आहे, त्याचे सूक्ष्म धागे श्वासातून गेले तर छातीच्या पटलाचा कर्करोग होऊ शकतो, आणि तुर्कस्तानातल्या कापादोकिया भागातल्या काही गावांनी त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. म्हणून लोकरीसारखा, केसासारखा मऊ झुबका दिसला तर तो चोळू नका, फुंकू नका. खरा रोजचा धोका खडी मशीनवर काम करणाऱ्यांना आहे, तो दगडाच्या धुळीचा. तिथं नाकाला नीट मास्क आणि पाण्याचा फवारा हवा, आणि तो देणं मालकाचं काम आहे.

किंमत कशावर ठरते

एपोफायलाइटचे दागिने सहसा होत नाहीत. मऊ आहे, सपाट फुटतो, अंगठीत टिकणार नाही. त्याची किंमत संग्राहक देतो, आणि तो तीन गोष्टी बघतो: टोकं शाबूत आहेत का, सोबतची खनिजं त्याच खडकावर आहेत का, आणि तो नेमका कुठून आला.

शेवटची बाब लोकांना पटायला जड जाते. पुण्याजवळच्या वाघोलीचं उदाहरण घ्या. तिथल्या खाणींत कॅव्हनसाइट नावाचं गर्द निळं खनिज मिळालं. ते प्रथम अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 1967 साली सापडलं होतं, पण वाघोलीसारखे नमुने दुसरीकडे कुठेच मिळाले नाहीत. आज संग्राहकाच्या कपाटात कॅव्हनसाइट असेल तर चिठ्ठीवर बहुधा वाघोली असतं. शहर वाढतं तशा खाणी बुजतात, पण चिठ्ठी राहते. चिठ्ठी नसलेला खडा म्हणजे नुसती शोभेची वस्तू, कारण त्यावरून कुठल्या थरात काय घडलं हे कुणालाच सांगता येत नाही. बेळगाव भागातल्या नमुन्यांची अशी नीट नोंद ठेवली जावी असं मला फार वाटतं. इथले खडे लहान असतील, पण ट्रॅपच्या टोकाला पाण्यानं काय केलं याचा तो पुरावा आहे, आणि तो खडीबरोबर रस्त्यात जातो.

सापडलाच तर

पोकळी दिसली की पहार घालू नका. सपाट फुटणाऱ्या खड्याला एक ठोका पुरतो. भोवतालच्या कातळासह, तळहातापेक्षा मोठा तुकडा सोडवता आला तर सोडवा, वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा. सुरुंगाच्या जागी, निम्म्या फोडलेल्या कड्याखाली जाऊ नका. चालू खाण असेल तर ती कुणाच्या तरी नावानं खाणपट्ट्यावर घेतलेली असते, परवानगीशिवाय तिथून काही उचलणं चोरी ठरते. स्वतःच्या विहिरीत निघालेला एखादा खडा जपून ठेवणं वेगळं आणि विक्रीसाठी खोदकाम काढणं वेगळं. विक्रीच्या खोदकामाला खाण आणि भूविज्ञान खात्याची परवानगी लागते.

आणि चिठ्ठी. गावाचं नाव, तालुका, विहीर की खाण, किती फुटांवर, जाळीदार दगडात की घट्ट दगडात, सोबत आणखी कुठले खडे होते, आणि तारीख. त्याच पोकळीचा एक फोटो, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. हे सगळं खड्याच्याच डब्यात ठेवा. भूशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना डबा दाखवला तर नाव पक्कं करून घेता येईल.